पाण्यावरचा वारा, जमिनीचा आकडा

[दृश्य: उथळ समुद्रातल्या पवनचक्क्या, मागे किनाऱ्याची रेघ]

समुद्रात पवनचक्क्या कुठे उभ्या करायच्या हे ठरवायला त्या जागेचा निदान दहा-वीस वर्षांचा वारा माहीत असावा लागतो. इतकी वर्षं भर पाण्यात शंभर मीटर उंचीवर मोजमाप झाल्याची ठिकाणं फार थोडी. म्हणून मागच्या वर्षांचा वारा हवामान मॉडेलमधून काढतात.

सुरुवात बहुतेक वेळा ईआरए-5 पासून होते. मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाजाच्या युरोपीय केंद्राचा हा विदासंच 1940 पासूनचा तासातासाचा वारा देतो. तो 10 आणि 100 मीटर अशा दोन्ही उंचींवरचा असतो आणि मोफत मिळतो. खुल्या समुद्रावर तो चांगला चालतो. किनाऱ्याजवळ मात्र जपून वापरावा.

[दृश्य: नकाशावर जाळी, एका चौकोनात निम्मी जमीन, निम्मं पाणी]

त्याच्या जाळीचा एकेक चौकोन सुमारे 31 किलोमीटरचा. हा चौकोन बघा, अर्धा जमिनीवर आहे आणि अर्धा पाण्यात. खडबडीतपणा म्हणजे पृष्ठभाग वाऱ्याला किती अडवतो याचं माप; शांत पाण्याचा तो साधारण 0.0002 मीटर धरतात, गवताळ माळाचा 0.03, तर दाट झाडीचा मीटरभर. इतक्या वेगळ्या पृष्ठभागांसाठी हाती येतो वाऱ्याचा एकच आकडा. त्यामुळे किनाऱ्यापासून पाच-दहा किलोमीटरवरच्या पाण्यातला वारा बहुधा कमी दिसतो.

हा फरक किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही, कारण वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग 10 टक्के चुकला तर शक्ती सुमारे 30 टक्के चुकते. शिवाय सरासरी वेगाचा घन करणं हीसुद्धा चूकच. सेकंदाला 8 मीटर या सरासरीचा थेट घन केला, तर दर चौरस मीटरला सुमारे 314 वॅट येतात. कोणता वेग किती वेळ असतो हे सांगणारं नेहमीचं रेली वितरण धरलं की त्याच सरासरी वेगाला उत्तर 600 वॅटच्या जवळ जातं, कारण जोराच्या वाऱ्याचे थोडेच तास घनात फार मोठा वाटा उचलतात.

उंचीच्या हिशोबातही असाच सापळा आहे. समजा 10 मीटरवर वेग सेकंदाला 7 मीटर आहे. उंचीबरोबर तो किती वाढतो हे एका घातांकाने ठरवतात. जमिनीवर सर्रास वापरतात तो एक-सप्तमांशाचा घातांक लावला, तर 100 मीटरवर 9.7 मिळतो. पाण्यावर शोभणारा 0.11 घेतला, तर 9.0. घन केल्यावर यांच्यात चतुर्थांशाचा फरक पडतो. त्यापेक्षा मॉडेलने त्या उंचीजवळच्या थरांत काढलेला वाराच घ्यावा.

[दृश्य: एकात एक बसवलेल्या तीन चौकटी]

त्यासाठी डब्ल्यूआरएफ हे प्रादेशिक मॉडेल चालवतात. त्याच्या कडांवरची हवेची स्थिती, म्हणजे सीमास्थिती, ईआरए-5 मधून घेतात. बाहेरच्या चौकटीत जाळीचं अंतर 9 किलोमीटर, आतल्या चौकटीत 3 आणि गरज असेल तर 1. अंतर एक-तृतीयांश केलं की त्याच क्षेत्राचं गणित 27 पट होतं, कारण बिंदू नऊपट आणि काळाच्या पायऱ्या तिप्पट. या पायरीचा ठोकताळा म्हणजे किलोमीटरच्या सहापट सेकंद, म्हणजे 3 किलोमीटरला 18. ती फार मोठी घेतली की गणित अस्थिर होतं आणि मॉडेल मधेच बंद पडतं. तळाच्या 200 मीटरमध्ये निदान आठ-दहा थर ठेवावेत. दोन-तीन थरांत पात्यांच्या वरचा आणि खालचा वारा वेगळा दिसतच नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. 3 किलोमीटरच्या जाळीत 3 किलोमीटरची वैशिष्ट्यं उमटत नाहीत. खरा तपशील जाळीच्या साधारण सातपट अंतरापासून पुढे विश्वासार्ह होतो.

[दृश्य: दुपारचा किनारा, आत सरकणारी ढगांची रांग]

दुपारी जमीन तापली की खारे वारे सुटतात, रात्री मतलई. या रोजच्या फेऱ्याची वेळ आणि जोर जमीन-पाण्याच्या तापमानातल्या फरकावर ठरतात. डब्ल्यूआरएफमध्ये समुद्राचं तापमान मुद्दाम अद्ययावत करायला सांगितलं नाही, तर ते सुरुवातीच्या मूल्यावरच गोठून राहतं. महिनाभराची सलग धाव असेल तर खाऱ्या वाऱ्यांचं चित्र बिघडलंच म्हणून समजा. त्यापेक्षा 36-36 तासांच्या धावा घ्याव्यात आणि पहिले 12 तास टाकून द्यावेत. तेवढा वेळ मॉडेलला स्थिरावायला लागतो.

एक चूक सहज नजरेतून सुटते. डब्ल्यूआरएफ वाऱ्याचे घटक जाळीच्या दिशेने देतं, खऱ्या उत्तरेच्या दिशेने नव्हे. ते फिरवून घेतले नाहीत, तरी वेग बरोबर दिसतो आणि दिशा चुकते. मग पवनचक्क्यांच्या रांगा चुकीच्या दिशेने आखल्या जातात आणि पुढच्या चक्कीमागचा मंदावलेला वारा मागच्या चक्कीला मिळतो.

[दृश्य: पाण्यावर तरंगणारा लायडार]

शेवटी पडताळणी. तरंगता लायडार, म्हणजे लेझरने वरचा वारा मोजणारं यंत्र, एक पूर्ण वर्ष ठेवतात, म्हणजे सगळे ऋतू त्यात येतात. त्याच्या दहा मिनिटांच्या सरासरी मॉडेलच्या तासांशी जुळवताना वेळ जागतिक आहे की स्थानिक, हे आधी तपासावं. नुसती सरासरी जुळली म्हणून थांबू नये. दिशेगणिक चूक वेगळी काढावी, कारण समुद्राकडून येणारा वारा मॉडेलला सोपा जातो. जमिनीवरून पाण्यावर येणारा वारा मात्र कित्येक किलोमीटरपर्यंत जमिनीचा खडबडीतपणा सोबत घेऊन येतो आणि मॉडेलच्या सर्वाधिक चुका तिथेच सापडतात. हवेची घनताही त्या जागेचीच घ्यावी. पुस्तकातली घनमीटरला 1.225 किलो ही 15 अंशांची आहे. 30 अंशांच्या दमट हवेत ती 1.15 च्या आसपास उतरते आणि त्याच वेगातून सहा टक्के कमी शक्ती मिळते.