टिकटिक

[काळा पडदा. फक्त टिकटिक. मग हळूहळू फिरणारं मागचं चाक दिसू लागतं.]

निवेदन :

हा आवाज घड्याळाचा नाही. सायकलच्या मागच्या हबमधून, म्हणजे चाकाच्या मधोमध असलेल्या नळकांड्यातून येतोय.

वर्षानुवर्षं साचलेलं काळं ग्रीस काकांनी चिंधीने पुसून काढलं, तेव्हा खालची अक्षरं वर आली. स्टर्मी-आर्चर, हे कारखान्याचं नाव. एडब्ल्यू, हे मॉडेलचं. शेजारी ५८ आणि ४. म्हणजे १९५८ साल, एप्रिल महिना. हब बनवताना त्याच्या पोलादावरच जन्मतारीख ठोकून द्यायची, अशी या कारखान्याची पद्धत होती. सायकलचा रंग दोनदा बदललाय, टायर किती झाले ते काकांनाही आठवत नाही. हब मात्र तेच आहे.

[भिंत. एकाखाली एक टांगलेल्या पाच सायकली.]

काकांकडे आज पाच सायकली आहेत. विकलेल्या, चोरीला गेलेल्या आणि 'दोन दिवसांनी आणून देतो' म्हणून कुणी नेलेल्या मोजल्या, तर अकरा होतात. त्या सहा आमच्या कॅमेऱ्यासमोर आल्या नाहीत. म्हणून या पाचांबद्दलच बोलू.

सगळ्यात खाली ही काळी. अठ्ठावीस इंची चाकं, पुढे ३२ तारा, मागे ४०. ब्रेकला केबल नाही, सळया आहेत. हँडलखालची मूठ ओढली की सळई वर खेचली जाते आणि ब्रेकचे रबर रिमच्या आतल्या बाजूला येऊन टेकतात. पावसात हे ब्रेक नावापुरतेच लागतात. असो.

[टेबलावर जुनं वर्तमानपत्र. त्यावर पाने, हातोडा, खडू.]

तीन गिअर याच हबच्या पोटात आहेत. हब उघडायचं म्हणजे आधी खडू हवा. उजव्या बाजूची, छर्रे धरून ठेवणारी कडी ज्या तारेसमोर आहे, तिथे काका एक रेघ मारतात. या कडीला आट्यांच्या दोन सुरुवाती असतात, म्हणजे ती दोन जागांवरून फिरवून बसवता येते. परत बसवताना चुकीची धरली गेली, तर चाक केसभर बाजूला सरकतं. दिसायला काहीच दिसत नाही, पण चेनस्टेमधून, म्हणजे मागच्या चाकाच्या दोन बाजूंच्या नळ्यांमधून चाक जाताना एका बाजूला फट जास्त राहते आणि काका ती फट महिनाभर बघत बसतात.

डावीकडचा लॉकनट काढला, कोन म्हणजे छर्र्यांवर टेकणारा शंकूसारखा नट काढला. आता कडीच्या खाचेत छिन्नी टेकवून हातोड्याचे हलके ठोके. पहिल्या चार ठोक्यांना ती दाद देत नाही. पाचव्याला जरा सरकते. मग हाताने फिरते. आणि अख्खं यंत्र एका हिसक्यात बाहेर.

[हातात हबचा आतला भाग. खूप जवळून.]

मधोमध आसावर पक्का बसलेला सूर्य, म्हणजे मधलं दातेरी चाक. त्याला २० दाते. भोवती चार ग्रह, एका पिंजऱ्यात बसवलेले. सगळ्याला वेढून बाहेरचं कडं, आतून ६० दाते. सूर्य कधीच फिरत नाही. चेनचा जोर कड्याला दिला आणि चाकाला पिंजऱ्याने फिरवलं, की पेडलच्या बाजूची एक फेरी पिंजऱ्याशी येईपर्यंत पाऊण होते. हा पहिला गिअर, चढाचा. उलट पिंजऱ्याला जोर दिला आणि चाक कड्याकडून फिरवून घेतलं, की एका फेरीची एक आणि एक तृतीयांश होते. तो तिसरा. दुसऱ्यात कडंच थेट चाक फिरवतं, एकास एक. वीस आणि साठ, एवढ्या दोन आकड्यांवर तीन गिअर.

आणि टिकटिक? पिंजऱ्याच्या टोकाला दोन छोटे खटके आहेत, मागे केसासारखी स्प्रिंग. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये चाक पिंजऱ्यापेक्षा जोरात फिरतं, म्हणून हे खटके दातांवरून घसरत जातात. टिक, टिक, टिक. पहिल्या गिअरमध्ये याच खटक्यांनी चाक ओढायचं असतं. तेव्हा ते घट्ट धरून बसतात, आवाज बंद होतो. कान तयार असेल, तर पाठमोऱ्या सायकलस्वाराचा गिअर सांगता येतो.

हबवर नावं दोन, हेन्री स्टर्मी आणि जेम्स आर्चर. पण तीन गिअरच्या पहिल्या हबमागचं खरं डोकं विल्यम रायली यांचं होतं. आधीच्या कंपनीशी केलेल्या करारात त्यांनी पुढचे शोधही लिहून दिले होते, म्हणून पेटंट आर्चर यांच्या नावावर गेलं. रॅले सायकल कंपनीचे फ्रँक बोडेन यांनी त्यावर नॉटिंगहॅममध्ये कंपनी उभी केली. रायलींचं नाव या हबवर ठोकलं गेलं नाही.

[रॉकेलच्या भांड्यात भाग धुतले जातात. पाणी काळं होतं तसं रॉकेल काळं होतं.]

इथे आम्ही कॅमेरा बंद केला नाही. पाऊण तास चालला होता. छर्रे मोजून घेतले, खटक्यांच्या स्प्रिंगा चिमटीत धरून बसवल्या, एक उडाली, ती टेबलाखाली सापडली. उजवा कोन बोटांनी घट्ट करून अर्धा फेरा मागे. मग हबच्या तोंडातून पातळ तेलाचे थेंब. स्वयंपाकघरातलं तेल घालू नका, ते आत डिंकासारखं चिकटतं.

[दुसरी सायकल. निळी, वाकड्या हँडलची.]

ही दहा गिअरची. नळीवरचा कागद झिजलाय, पण ५३१ वाचता येतं. रेनॉल्ड्स या नळ्या बनवणाऱ्या कंपनीने १९३५ साली आणलेली मिश्र पोलादाची नळी. टोकांना जाड, मध्ये पातळ. जोर सांध्यावर येतो, म्हणून जाडी तिथेच ठेवली, बाकी वजन काढून टाकलं. नखाने वाजवून पाहिलं, तर मध्यभागी वेगळा नाद येतो. गिअरच्या दांड्या खालच्या नळीवर, त्यांना खाचा नाहीत. चेन कुठे बसली ते बोटाला आणि कानाला कळायला हवं. १९८४ मध्ये शिमानो या जपानी कंपनीने खटक्यावर गिअर बदलणारी पद्धत आणली आणि हे शिक्षण ऐच्छिक झालं.

इटलीत गायोले इन किआंती इथून १९९७ पासून एक राइड निघते, लेरोइका. १९८७ पूर्वीचीच सायकल, गिअरच्या दांड्या नळीवर, पेडलला पट्टे आणि ब्रेकच्या केबल बाहेरून. काकांची निळी सगळ्या अटींत बसते.

[तिसरी. चिखलाचे डाग असलेली जाड टायरची.]

ही माउंटन बाइक. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही पोरं जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावरून खाली सोडायची. मागच्या हबातला ब्रेक एवढा तापायचा की ग्रीस जळून जायचं, प्रत्येक खेपेनंतर ते नव्याने भरावं लागे. म्हणून त्या उताराचं नावच रीपॅक पडलं. काकांना ही गोष्ट फार आवडते. ग्रीस भरण्यावरून डोंगरउताराला नाव मिळतं!

[चौथी आणि पाचवी. कॅमेरा लवकर पुढे सरकतो.]

ॲल्युमिनियमच्या फ्रेमला खालच्या सांध्यापाशी तडा गेलाय. ती आता भिंतीवरच असते. शेजारची कार्बनची. हलकी आहे, वेगवान आहे. बोटाने उचलून दाखवली त्यांनी.

दोन वर्षांपूर्वी काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी चढ बंद केलेत.

[काळी सायकल. काकांचे हात चाकाच्या तारा एकेक छेडतात.]

शेवटचं काम, आउट काढायचं, म्हणजे चाकाचा वाकडेपणा. रिम जिथे ब्रेकला घासते, तिथली समोरच्या बाजूची तार पाव फेरा आवळायची, घासणाऱ्या बाजूची तेवढीच सैल करायची. तार छेडली की सूर लागतो. एका बाजूच्या सगळ्या तारांचा सूर जुळला, की ताण सगळीकडे सारखा झाला असं समजा. चाकाकडे न बघता हे करणारा माणूस आम्ही पहिल्यांदाच पाहिला.

[सकाळ. मोकळा रस्ता. काळी सायकल, पाठमोरे काका.]

तेल घातलंय. साखळीचा ताण बरोबर आहे.

[फक्त टिकटिक. सायकल लांब जाते. रस्ता वर चढू लागतो.]

टिकटिक थांबली.