आधुनिक जगाची देणी

मित्रहो, आधुनिक जगाचा इतिहास आपण बहुधा क्रांत्या आणि महायुद्धांच्या क्रमाने वाचतो. आज तो देण्याघेण्याच्या अंगाने पाहू. कोण कोणाचं देणं लागत होतं आणि वसुलीची ताकद कोणाकडे होती, एवढा धागा पुरे.

फ्रेंच राज्यक्रांती म्हटलं की बास्तीलचा तुरुंग आठवतो. पण मे १७८९ मध्ये सोळाव्या लुईने व्हर्सायला धर्मगुरू, सरदार आणि सामान्य जन अशा तिन्ही वर्गांची सभा भरवली, ती तिजोरीत खडखडाट होता म्हणून. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला फ्रान्सने कर्ज काढून मदत केली होती. आता सरकारी खर्चाचा जवळजवळ निम्मा भाग त्या आणि आधीच्या कर्जांपायी जात होता. ही सभा १६१४ नंतर भरलीच नव्हती. राजाला कर हवे होते. जमलेल्यांनी हक्क मागितले.

त्या क्रांतीची ठिणगी फ्रान्सच्या कॅरिबियन वसाहतीत पडली. १७९१ मध्ये तिथल्या गुलामांनी उठाव केला, नेपोलियनची फौज परतवली आणि १८०४ मध्ये हैती स्वतंत्र झाला. इथे आपली पाठ्यपुस्तकं थांबतात. मला पुढचं सांगायचंय. १८२५ साली फ्रेंच युद्धनौका हैतीच्या राजधानीसमोर, पोर्ट-ओ-प्रिन्ससमोर येऊन उभ्या राहिल्या. मागणी काय? मान्यता हवी तर १५ कोटी फ्रँक भरा, मळेमालकांच्या नुकसानीची भरपाई म्हणून. आणि त्या नुकसानीत गुलामही धरलेले. म्हणजे भरपाई देणार कोण, तर तीच सुटलेली माणसं! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. पहिलाच हप्ता ३ कोटींचा. तो भरायला हैतीने पॅरिसच्याच बँकवाल्यांकडून ३ कोटींचं कर्ज काढलं. त्यातले ६० लाख त्यांनी आधीच कापून घेतले. हातात आले २ कोटी ४० लाख, व्याज मात्र पूर्ण रकमेवर. १८३८ मध्ये मूळ मागणी कमी झाली, पण एक कर्ज फेडायला दुसरं, हे रहाटगाडगं विसाव्या शतकापर्यंत चाललं.

आता जर्मनी. पहिल्या महायुद्धाची भरपाई १९२१ मध्ये ठरली १३,२०० कोटी सुवर्ण मार्क. हप्ते थकले तेव्हा, जानेवारी १९२३ मध्ये, फ्रान्स आणि बेल्जियमच्या फौजा ऱ्हूरच्या कोळसापट्ट्यात घुसल्या. या घुसखोरीविरुद्ध संपावर गेलेल्या कामगारांना पोसायला जर्मन सरकारने नोटा छापल्या. नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडत होते. पण हिटलर सत्तेवर आला तो या महागाईनंतर लगेच नव्हे, तर १९३३ मध्ये, मंदीने साठ लाख बेकार केल्यावर. हे दोन प्रसंग आपण सर्रास एकत्र करतो.

१९५३ च्या लंडन करारात पश्चिम जर्मनीचं सुमारे निम्मं कर्ज माफ झालं. शीतयुद्धात तो देश उभा राहायला हवा होता. हैतीची अशी गरज कोणालाच नव्हती.

राहिलं सुएझ. कर्जात बुडालेल्या इजिप्तच्या खेदिवाकडून, म्हणजे तिथल्या शासकाकडून, ब्रिटनने १८७५ मध्ये कालव्याचे शेअर सुमारे ४० लाख पौंडांना घेतले आणि १८८२ मध्ये देशच ताब्यात घेतला. १९५६ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासेर यांनी कालवा राष्ट्रीय केला, तेव्हा ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल चालून गेले. पौंड कोसळू लागला. अमेरिकेने स्पष्ट केलं की माघार घेतल्याशिवाय नाणेनिधीची मदत मिळणार नाही. डिसेंबर संपायच्या आत ब्रिटिश फौज बोटींवर चढली होती.