मालविमानाचा पायलट झोपतो कधी?

प्रवासी विमानापेक्षा मालविमान उडवणं बरं, असं पायलट होऊ पाहणाऱ्या मुलांना हमखास वाटतं. मागे कुणी पिऊन धिंगाणा घालत नाही, उशीर झाला म्हणून कुणी मोबाईल काढून शूटिंग करत नाही. खरंय ते. केबिन क्रू नसल्यामुळे जेवण आपलं आपण ओव्हनमध्ये गरम करायचं, एवढीच काय ती तक्रार. पण मला आज झोपेबद्दल बोलायचंय.

कुरिअरचा धंदा रात्रीवर चालतो. संध्याकाळी दिलेलं पाकीट सकाळी दुसऱ्या शहरात हवं, तर ते रात्रीच उडायला हवं. अमेरिकेत मेम्फिसला फेडएक्सचं आणि लुईव्हिलला यूपीएसचं मुख्य केंद्र आहे. तिथं मध्यरात्रीच्या सुमारास एकामागून एक विमानं उतरतात. माल काढायचा, पट्ट्यांवरून गावागावांप्रमाणे वेगळा करायचा, पुन्हा भरायचा, आणि पहाटे विमानं परत निघतात. मधल्या दोन-तीन तासांत पायलटांना पाठ टेकायला तिथं खोल्या आहेत. तासभर डोळा लागला तर नशीब! मग उठून पुन्हा कॉकपिटमध्ये, तेही रात्री २ ते ६ या वेळात, जेव्हा शरीर सगळ्यात सुस्त असतं. सकाळी हॉटेलात जाड पडदे ओढून आडवं व्हावं, तर बाहेर व्हॅक्यूम क्लीनर सुरू झालेला असतो.

प्रवासी पायलट काही मजेत नसतो. पहाटे उठायचं, दिवसाला तीन-चार सेक्टर, म्हणजे उड्डाणं, दर वेळी अर्ध्या-पाऊण तासात विमान परत फिरवायचं. थकवा दोघांनाही आहे. पण कायद्यानं दोघांना वेगळं मोजलं.

२००९ मध्ये अमेरिकेत बफेलोजवळ एक प्रवासी विमान पडून ५० माणसं गेली. नातेवाइकांनी पाठपुरावा केला आणि २०११ च्या डिसेंबरात अमेरिकेनं पायलटांच्या ड्यूटीचे आणि विश्रांतीचे नवे नियम जाहीर केले. मालविमानं त्यातून वगळली. कारण काय, तर खर्च जास्त आणि फायदा कमी. मालविमान पडलं तर जीव जाणार दोघा-तिघांचा, असा तो रोकडा हिशेब. खालच्या घरांत माणसं राहतात, ती यात कुठं धरली होती कोण जाणे.

१४ ऑगस्ट २०१३ ला यूपीएसचं एअरबस ए-३०० लुईव्हिलहून निघालं आणि पहाटे पाचच्या आत अमेरिकेतल्याच बर्मिंगहॅमच्या धावपट्टीअलीकडे टेकडीवर आदळलं. दोघेही वैमानिक गेले. कॉकपिटच्या रेकॉर्डरवर दोघांचं बोलणं सापडलं: विश्रांती पुरत नाही, आणि नव्या नियमांत मालविमानवाले का नाहीत?

आता इथं घाई करू नका. चौकशीत मुख्य दोष ठरला तो उतरण्याची पद्धत आणि उंचीवर नजर न ठेवणं. थकवा हे साहाय्यक कारण होतं. शिवाय त्यांचं रोस्टर, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक, नव्या नियमांतही बसलं असतं, आणि फर्स्ट ऑफिसरनं, म्हणजे सहवैमानिकानं, मोकळा वेळ झोपेसाठी नीट वापरलेला नव्हता. म्हणजे कागदावर विश्रांतीचे तास दिले म्हणून झोप येतेच असं नाही. तरी नियम दोघांना एकच असावेत, हे माझं मत त्यामुळे बदलत नाही.

आपल्याकडे डीजीसीएनं, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकानं, २०२४ मध्ये पायलटांची आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेली, रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर आणली. पूर्ण अंमल २०२५ च्या नोव्हेंबरात आला आणि डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. लगेच काही सवलती द्याव्या लागल्या. विश्रांतीला पायलट लागतात, आणि पायलट एका रात्रीत तयार होत नाहीत.

राहिला प्रश्न पगाराचा. अमेरिकेतल्या मोठ्या माल कंपन्याही पायलटांना चांगला पगार देतात. २०२० मध्ये प्रवासी विमानं उभी होती, तेव्हा मालविमानांना उसंत नव्हती. त्यामुळे पैशासाठी कार्गो टाळू नका. अर्ज करण्याआधी मात्र आठवडाभर रात्री जागून, भर दुपारी घरात कुकरच्या शिट्ट्या चालू असताना झोपून बघा.