एकच टेकडी, वर्षभर

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारे बरेच आई-बाबा आज इथे आले आहेत. मुलं तीन ते आठ वयाची. परीक्षेची काळजी तुमच्या चेहऱ्यावर दिसते, म्हणून ते आधीच सांगते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी वयाची 14 वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते. तोवर भरपूर वेळ आहे, आणि मुलांना उघड्यावर शिकू द्यायला पुण्याला टेकड्या आहेत.

माझा आग्रह एकच: दर आठवड्याला नवं ठिकाण शोधू नका. आज सिंहगड, पुढच्या शनिवारी भिगवणचे रोहित पक्षी, यात मजा मोठ्यांना येते. पाच वर्षांच्या मुलाला बदल कळायला जागा आधी ओळखीची व्हावी लागते. वेताळ टेकडी घ्या, तळजाई घ्या, त्यातला शंभरेक पावलांचा तुकडा निवडा आणि वर्षभर तिथेच जा. उन्हाळ्याच्या तोंडावर गणेर बघा: अंगावर पान नाही आणि पिवळीधमक फुलं. पावसाळ्यात त्याच झाडाला पानंच पानं. दोन्ही पाहिलेल्या मुलाला ऋतू वेगळा शिकवावा लागत नाही.

पायथ्याच्या पडीक जागेत रुई असतेच. तिच्या पानावर टाचणीच्या डोक्याएवढं अंडं शोधा. मग काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी, मग लटकलेला कोष, मग नारिंगी फुलपाखरू. रुईचा चीक विषारी. ती पानं खाऊन अळीही विषारी होते, म्हणून पक्षी सहसा तिच्या वाटेला जात नाहीत. पण हे सांगायची घाई करू नका हो! ‘एवढी रंगीत अळी, हिला कुणी खात कसं नाही?’ असं मूल विचारेपर्यंत थांबा. तो प्रश्न त्याच्या तोंडून येणं, हीच त्या सकाळची कमाई. चीक डोळ्यांत गेला तर इजा होते, त्यामुळे रुईचं पान मात्र कुणी तोडायचं नाही.

उघड्यावरच्या शिक्षणाची परंपरा आपल्याकडेही आहे. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघरकडच्या कोसबाडला कुरणशाळा चालवली. आदिवासी मुलं गुरांमागे जात, शाळेत येऊ शकत नसत. म्हणून शाळाच कुरणात गेली. त्यांची गरज गरिबीतून आलेली होती, आपली तशी नाही, हे विसरून चालणार नाही. पण मूल जिथे आहे तिथूनच शिकवणं सुरू करायचं, हे त्यांच्याकडून घेता येतं.

गट लहान ठेवा, आठ-दहा मुलं, आणि चार मुलांमागे एक मोठं माणूस. वयं मिसळू द्या. घरी शिकणाऱ्या मुलाला सोबत मिळते ती इथेच, आणि आठ वर्षांची ताई तीन वर्षांच्या भावंडाला जे दाखवते ते आपल्याला जमत नाही. टेकड्यांवर घोणस असते, तेव्हा दगडाखाली, पालापाचोळ्यात हात घालायचा नाही. खाजकुयलीच्या शेंगा पहिल्याच दिवशी दाखवून ठेवा.

आणि पावसाळ्यात कार्यक्रम बंद ठेवू नका, ही विनंती. मृगाचे लाल मखमली किडे पहिल्या पावसानंतर थोडेच दिवस वर येतात. मुलांना त्यांचे पाय मोजू द्या. आठ भरतील, म्हणजे ते कोळ्याच्या नात्यातले. जुने कपडे, घट्ट चपला, एक छत्री एवढं पुरतं. विजा कडाडत असतील त्या दिवशी मात्र टेकडीवर जायचं नाही.