हरवलेली तीस वर्षं

नमस्कार श्रोतेहो. आजचं गाणं कोरियाचं आहे. के-पॉप नव्हे बरं का! घरातली नातवंडं ते ऐकतात. हे तिथल्या आजी-आजोबांचं, ‘ट्रॉट’. नाव फॉक्सट्रॉट नाचावरून पडलं, रूप आलं जपानी अमलात. ठेका दोन मात्रांचा, म्हणून लोक चेष्टेनं त्याला ‘पोंगचाक’ म्हणतात. आपलं ढिंगच्याक म्हणा ना. पण वर गायक सूर असा काही मुरडतो की पोटात कालवतं.

सॉल उन-दो या गायकाचं ‘हरवलेली तीस वर्षं’ हे गाणं १९८३ सालचं. त्यामागची गोष्ट अशी. ३० जूनच्या रात्री तिथल्या केबीएस वाहिनीनं कोरियन युद्धात ताटातूट झालेल्यांसाठी एक कार्यक्रम सुरू केला. ठरला होता दीड तासाचा. चालला १३८ दिवस!

सोलमध्ये वाहिनीच्या इमारतीच्या भिंती हातानं लिहिलेल्या कागदांनी भरून गेल्या. नाव, गाव, वडिलांचं नाव, कुठे चुकामूक झाली ते. १९५०च्या युद्धात जी पाच-सहा वर्षांची होती, त्यांतल्या काहींना स्वतःचं खरं नावही सांगता येईना. मग पडद्याच्या एका बाजूला एक शहर, दुसऱ्या बाजूला दुसरं, आणि चाळिशीची दोन माणसं एकमेकांना विचारतायत: घरात तुला काय म्हणायचे? तो भाजल्याचा डाग आहे का अजून? खूण पटली की ‘माजा, माजा!’ माजा म्हणजे बरोबर. आणि मग नुसतं रडणं.

अशी १०,१८९ कुटुंबं भेटली. अर्ज मात्र लाखावर आले होते. या गाण्याचा हुंदका मला त्या उरलेल्यांचा वाटतो. त्या कार्यक्रमाच्या ध्वनिचित्रफिती २०१५ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृतिनोंदीत गेल्या.

माणसांना असं बांधून ठेवणाऱ्या नात्याला कोरियनमध्ये ‘इन्यॉन’ म्हणतात. गंमत बघा, बौद्ध ग्रंथांतल्या ‘हेतू’ आणि ‘प्रत्यय’ या जोडीचं चिनी भाषांतर झालं, तेच कोरियात पोचलं. आपल्याकडे प्रत्यय शाळेच्या व्याकरणात अडकला. तिकडे त्याचा ऋणानुबंध झाला.

तर ऐकू या. शब्द कळणार नाहीत, पण ओळीच्या शेवटी आवाज कसा मोडतो तिकडे कान ठेवा. आणि ठेक्यावर पाय हललाच, तर हलू द्या. कोरियातले आजोबाही हलवतात.