मोठी गाडी कुणी मागितली?

मित्रहो, आयोजकांनी मला विषय दिला तो ‘अमेरिकेचं राजकारण, ऊर्जा आणि मोटारी’ असा. एका संध्याकाळी हे सगळं सांगून होणार नाही. म्हणून मी एकच वस्तू घेऊन आलोय, अमेरिकेतला पिकअप ट्रक, पुढे केबिन आणि मागे उघडा हौदा असलेला. बाकीचं सगळं त्याच्यामागून आपोआप येईल.

मी मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या एका उपनगरात बारा वर्षं राहिलो. काम गाड्यांच्या डिझाइनचंच. एका शनिवारी किराणा घेऊन आम्ही दुकानाबाहेर पडलो. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती, ती दोन पावलं पुढे चालत होती. समोर उभा असलेला ट्रक सुरू झाला आणि पुढे सरकायला लागला. मी जिवाच्या आकांताने ओरडलो. ट्रक थांबला. आतला माणूस उतरला तो थरथरत होता. मुलगी बंपरपासून जेमतेम तीन फुटांवर उभी होती आणि त्याला ती दिसलेलीच नव्हती. त्याने पुन्हा पुन्हा माफी मागितली, मुलीसमोर गुडघ्यावर बसला. भला माणूस होता. दुसऱ्या दिवशी तशाच एका ट्रकला मी टेप लावली. जमिनीपासून बॉनेटची कड साडेचार फूट भरली. माझ्या मुलीची उंची तेव्हा पावणेचार फूट होती.

अमेरिकेत २००९ साली सुमारे ४,१०० पादचारी गाड्यांखाली गेले. २०२२ साली हाच आकडा ७,५०० च्या वर होता. याला कारणं बरीच आहेत. रस्ते रुंद आहेत, रात्री उजेड कमी असतो, हातात मोबाइल असतो. पण गाड्यांची उंची आणि वजन या कारणांत आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

हे कुणाला सांगितलं की उत्तर ठरलेलं असतं. ‘लोकांना मोठी गाडी आवडते, कंपन्या तीच बनवतात. सरकारने मध्ये पडू नये.’ तिकडे रिपब्लिकन हे बोलून दाखवतात. डेमोक्रॅट बोलत नाहीत, पण निवडणूक जवळ आली की वागतात तसेच. आज मला भांडायचं आहे ते याच वाक्याशी. सरकार या बाजारात पन्नास-साठ वर्षं ठाण मांडून बसलंय. मोठी गाडी त्यानेच वाढवली आहे, आणि त्यात दोन्ही पक्षांचा हात आहे.

सुरुवात कोंबडीपासून होते. साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेची स्वस्त कोंबडी युरोपात धडाधड विकली जात होती. पश्चिम जर्मनी, फ्रान्स आणि त्यांच्या सामायिक बाजारातल्या देशांनी तिच्यावर जकात बसवली. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी १९६३ च्या डिसेंबरात त्याचं उट्टं काढलं. बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक, या चार वस्तूंवर २५ टक्के आयातकर लावला. ट्रकवरच्या कराचा रोख जर्मनीच्या फोक्सवॅगनवर होता. कोंबडीचं भांडण कधीच मिटलं, स्टार्च आणि ब्रँडीवरचा तो जादा कर गेला, ट्रकवरचा मात्र राहिला. मोटारीवर अडीच टक्के आणि ट्रकवर पंचवीस, असा हिशेब पुढे कित्येक दशकं चालला. म्हणजे सेदान विकायची तर टोयोटा-होंडाशी लढा, ट्रक विकायचा तर सरकारने कुंपण घालून दिलेलं. कारखानदार कुठल्या बाजूला जाईल?

दुसरी गाठ १९७३ ची. ऑक्टोबरात अरब-इस्राएल युद्ध पेटलं, अरब देशांनी अमेरिकेला तेल द्यायचं बंद केलं. तीन डॉलरच्या आसपासचं पिंप काही महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेलं, पंपांवर रांगा लागल्या. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आणली. १९७५ च्या डिसेंबरात त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी ऊर्जाधोरणाच्या कायद्यावर सही केली. एखाद्या कंपनीने वर्षभरात विकलेल्या गाड्या मिळून सरासरी किती मायलेज द्यायला हवं, ते या कायद्याने ठरवून दिलं. १९७८ ला गॅलनमागे १८ मैल, १९८५ पर्यंत साडेसत्तावीस. आपल्या भाषेत सांगायचं तर लिटरला साडेसात किलोमीटरवरून पावणेबारा. कायदा चांगला होता. त्याने गाड्या खरोखरच हलक्या झाल्या, सुधारल्या.

पण त्यात एक फट ठेवली होती. ट्रक म्हणजे शेतकऱ्याचं, सुताराचं, प्लंबरचं हत्यार, त्याला मोटारीचा नियम कशाला लावायचा? विचार रास्तच होता. म्हणून हलक्या ट्रकसाठी वेगळी, सैल पट्टी केली. नव्वदच्या दशकात मोटारींना साडेसत्तावीस असताना ट्रकना फक्त २०.७ मैल पुरत होते. मग प्रश्न उरला तो ‘ट्रक’ कशाला म्हणायचं एवढाच. सीटा काढून मागे सपाट फळी होते? ट्रक. चारही चाकांना ताकद आणि पोट जमिनीपासून पुरेसं उंच? ट्रक. अशी मिनीव्हॅन ट्रक झाली, एसयूव्ही ट्रक झाली. क्रायस्लरची पीटी क्रूझर आठवते कुणाला? डोळ्याला सरळ मोटार दिसते, कायद्याच्या वहीत ती ट्रक होती. आणि भरलेल्या गाडीचं एकूण वजन ८,५०० पौंडांच्या वर गेलं, तर ती बरीच वर्षं या हिशेबात धरतच नव्हते. म्हणजे जास्तीत जास्त पेट्रोल पिणाऱ्या गाडीचं मायलेज विचारायलाच कुणी नव्हतं.

मी या धंद्यात आयुष्य काढलंय, त्यामुळे कारखान्याच्या आत काय होतं ते सांगू शकतो. नियमांचं पुस्तक इंजिनियरच्या टेबलावर पहिल्या दिवसापासून उघडं असतं. ‘गिऱ्हाइकाला काय हवं’ ही फाइल त्यानंतर उघडते. आपल्याकडेही हेच झालं. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांचं उत्पादन शुल्क कमी केलं. आमच्या पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात तेव्हा डिझाइनवाल्यांच्या तोंडी एकच शब्द होता, ‘सब-फोर-मीटर’. २००८ मध्ये टाटांची इंडिगो सीएस आली, डिकी आखूड केलेली. डिकी अशी छाटलेली सेदान भारतीय माणसाने स्वप्नात पाहिली नव्हती, कराच्या दरपत्रकाने ती घडवली. तरी आपला नियम गाडी लहान करत होता. अमेरिकेतले नियम एकामागून एक मोठी करत गेले.

करांचंच पाहा. २००३ मध्ये जॉर्ज बुश यांच्या काळात, धंद्यासाठी घेतलेल्या मालमत्तेची एक लाख डॉलरपर्यंतची किंमत पहिल्याच वर्षी उत्पन्नातून वजा करायची सोय झाली. साध्या मोटारीला यात वेगळी कडक मर्यादा होती. भरलेलं वजन ६,००० पौंडांच्या, म्हणजे साधारण २,७०० किलोंच्या वर असलेल्या गाडीला ती नव्हती. मग डॉक्टर, वकील, इस्टेट एजंट सगळे अवजड एसयूव्ही घेऊ लागले. बोभाटा झाल्यावर २००४ मध्ये एसयूव्हीसाठी ही रक्कम २५,००० डॉलरवर आणली, पण सहा फुटी हौदा असलेला पिकअप त्यातून वगळला. आजही तिकडच्या डीलरकडे गाडीचं वजन विचारणारा माणूस हमाली करत नसतो. त्याला त्याच्या चार्टर्ड अकाउंटंटने पाठवलेलं असतं.

आणि पेट्रोल. अमेरिकेच्या केंद्र सरकारचा पेट्रोलवरचा कर गॅलनमागे १८.४ सेंट आहे. तो १९९३ साली ठरला, त्यानंतर एका सेंटानेही हलला नाही. क्लिंटन, बुश, ओबामा, ट्रम्प, बायडन, कुणीच हात लावला नाही. आपल्या हिशेबात लिटरमागे चारेक रुपये. इकडे आपण लिटरला शंभरच्या वर मोजतो आणि त्यातला केवढा भाग करांचा असतो ते तुम्हाला सांगायला नको. अमेरिकेत प्रत्येक चौकात पंपाचा भाव घराएवढ्या उंच फलकावर लावलेला असतो, दोन मैलांवरून वाचता येईल असा, शेवटी सेंटाचे नऊ दशांश सुद्धा. दूध महागलं तर ते दुकानात गेल्यावर कळतं. पेट्रोल महागलं की ते कामावर जाताना-येताना डोळ्यांत खुपतं. त्या फलकाची भीती तिथल्या प्रत्येक राजकारण्याच्या मनात आहे. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७७ मध्ये स्वेटर घालून टीव्हीवरून लोकांना सांगितलं की घरं जरा कमी तापवा. १९७९ मध्ये व्हाइट हाउसच्या छतावर पाणी तापवणारे ३२ सौर पॅनेल बसवले. पुढच्या वर्षी ते हरले, आणि रेगन यांच्या काळात १९८६ मध्ये छताच्या दुरुस्तीसाठी काढलेले पॅनेल परत चढवलेच नाहीत. त्यानंतर ‘कमी वापरा’ हे दोन शब्द उच्चारायची हिंमत फार थोड्यांनी केली.

डेमोक्रॅटांना मी सोडत नाही. डेट्रॉइटच्या भागातून दशकानुदशकं निवडून येणारे जॉन डिंगेल हे डेमोक्रॅट होते, मायलेजचे नियम कडक होऊ नयेत म्हणून सगळ्यात चिवटपणे लढले ते तेच. युनियन त्यांच्या पाठीशी होती. कारखान्यातल्या माणसाची रोजीरोटी ट्रकवर होती, मी त्याला बोल लावणार नाही. पण ओबामांच्या काळातल्या नियमांचं मला वाईट वाटतं, कारण हेतू चांगला होता. त्या नियमांनी दर वर्षी जास्त मायलेज मागितलं, पण गाडीच्या चार चाकांमध्ये मावणाऱ्या क्षेत्रफळानुसार. क्षेत्रफळ मोठं असेल तर अपेक्षा कमी, लहान असेल तर जास्त. लहान पिकअपला यात सगळ्यात कठीण गणित सोडवावं लागलं. फोर्डने २०११ मध्ये लहान रेंजर अमेरिकेत बंद केली. २०१९ मध्ये तेच नाव परत आलं, पण गाडी मोठी होऊन. २०१८ मध्ये तर फोर्डने सांगून टाकलं की उत्तर अमेरिकेत आम्ही सेदान विकणं बंद करणार.

आता विजेच्या गाड्या. कॅलिफोर्नियाने १९९० मध्ये नियम केला की काही टक्के गाड्या धूर न सोडणाऱ्या हव्यात. त्यातून जनरल मोटर्सची ईव्ही-१ आली, १९९६ मध्ये. अकराशेच्या वर गाड्या बनल्या, भाड्याने दिल्या गेल्या. नियम सैल झाला तशा कंपनीने त्या परत मागवल्या आणि बहुतेक चेपून टाकल्या. टेस्लाला २०१० मध्ये सरकारी खात्याने ४६ कोटी ५० लाख डॉलरचं कर्ज दिलं, ते २०१३ मध्ये मुदतीआधी फिटलं. हा सरकारी पैसा सत्कारणी लागला असं मी मानतो. टेक्सासकडे बघा, तेलाचं माहेरघर. १९९९ मध्ये तेव्हाचे गव्हर्नर आणि पुढचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी वीज कायद्यावर सही केली, त्यात पवनऊर्जेचा कोटा होता. नंतर राज्याने सुमारे ३,६०० मैलांच्या तारा ओढल्या. आज पवनऊर्जेत टेक्सास देशात पहिलं आहे. तिथे कुणी पर्यावरणाची भाषणं केली नाहीत, तारा टाकल्या.

गाड्यांचं मात्र उलट चाललंय. बायडन यांनी २०२४ मध्ये चिनी विजेच्या गाड्यांवर १०० टक्के आयातकर लावला, म्हणजे स्वस्त आणि लहान ईव्ही वेशीवरच अडवली. तिकडच्या कंपन्यांनी विजेवर बनवलं काय, तर चार टनांच्या वरची हमर. तिच्या नुसत्या बॅटरीचं वजन १,३०० किलोंच्या घरात. आपली अख्खी स्विफ्ट ९०० किलोंच्या आसपास भरते.

मग ट्रम्प यांनी ४ जुलै २०२५ रोजी सही केलेला कायदा आला. ईव्हीवरची ७,५०० डॉलरची सवलत ३० सप्टेंबरला बंद झाली. सांगितलं काय, तर सरकारने कुणाची गाडी निवडू नये. बरं. पण त्याच कायद्याने मायलेजचा नियम मोडल्याचा दंड शून्य केला. नियम पुस्तकात तसाच, मोडला तरी फुकट. आणि त्याच कायद्याने धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूची पूर्ण किंमत पहिल्या वर्षी वजा करायची सवलत कायमची केली, जिचा पुरेपूर फायदा सहा हजार पौंडांच्या वरच्या गाडीला मिळतो. हलकी विजेची गाडी घेणाऱ्याचा आधार काढला, अवजड ट्रक घेणाऱ्याचा वाढवला. याला निवड न करणं म्हणत नाहीत. मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही.

आमचे शेजारी घरं रंगवायचे. सत्तरीकडे झुकलेले, कट्टर रिपब्लिकन, स्वभावाने अतिशय प्रेमळ. बर्फ पडला की स्वतःच्या आधी आमच्या दारासमोरचा साफ करायचे. त्यांच्याकडे १९९० च्या दशकातला एक लहान पिकअप होता. त्याच्या बाजूला जमिनीवर उभं राहून त्यांचा हात हौद्याच्या तळापर्यंत पोचायचा, रंगाचा डबा सहज उचलता यायचा. नव्या ट्रकचा हौदा त्यांच्या खांद्याला लागतो, डबा काढायला चाकावर पाय देऊन चढावं लागतं. गुडघे दुखतात. दोन वर्षं ते शोरूम पालथी घालत होते, मी दोनदा बरोबर गेलो होतो. त्यांना हवा होता तेवढाच ट्रक, नवा. विकायला नव्हता.

मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते गाडीचं पोट खातं. गेल्या खेपेला मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते गॅरेजमध्ये त्याच ट्रकखाली पाठीवर पडलेले होते. चासीला आणखी एक पत्रा वेल्ड करत होते, आणि आतून मला हाक मारून टॉर्च जरा डावीकडे धर म्हणाले.