शेवटच्या तासाचा पश्चात्ताप

श्रोतेहो, नमस्कार.

आजचा प्रश्न मला बहुतेक वेळा रागातच विचारला गेला आहे. "आयुष्यभर लोकांना लुबाडलं, छळलं, जीव घेतले. आणि मरताना दोन अश्रू गाळून 'प्रभू, मला क्षमा कर' म्हटलं की झालं? गेला स्वर्गात? मग ज्यांचं वाटोळं केलं त्यांचं काय?" असं विचारणाऱ्याला मी कधी गप्प करत नाही. ज्याच्या घरात अन्याय झाला आहे त्याला हे विचारायचा हक्क आहे. शिवाय ख्रिस्ती श्रद्धेला हा प्रश्न बाजूला सारता येतच नाही, कारण येशूच्या वधस्तंभाशेजारीच तो टांगलेला आहे.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्राचा, तेविसावा अध्याय आठवा. येशूच्या डाव्या-उजव्या हाताला दोन गुन्हेगार. आपण सवयीने त्यांना 'चोर' म्हणतो आणि डोळ्यांसमोर एखादा भुरटा चोर येतो. मूळ ग्रीकमध्ये लूक त्यांना 'दुष्कर्मी' म्हणतो, तर दुसरे दोन शुभवर्तमानकार, मत्तय आणि मार्क, जो शब्द वापरतात तो दरोडेखोराचा आहे, वाटमाऱ्याचा आहे. त्यांच्या हातून रक्त सांडलं असेल तर नवल नाही. मत्तय आणि मार्क आणखी एक गोष्ट सांगतात: दोघेही येशूची निंदा करत होते. जुन्या भाष्यकारांनी हे वृत्तान्त जोडून असा अर्थ लावला, की आधी दोघेही शिव्या देत होते आणि त्या काही तासांत एकाच्या आत काहीतरी फिरलं.

काय फिरलं ते त्याच्या बोलण्यातच ऐकू येतं. पहिला म्हणतो, तू ख्रिस्त आहेस ना, मग स्वतःला वाचव आणि आम्हालाही. म्हणजे मला इथून खाली उतरव. दुसरा त्याला दटावतो. आपल्याला झालेली शिक्षा रास्त आहे, आपण केलं त्याचंच फळ भोगतो आहोत, पण या माणसाने काही वावगं केलेलं नाही, असं तो सगळ्यांदेखत म्हणतो. मग येशूकडे वळून विनवतो, तुम्ही आपल्या राज्यात याल तेव्हा माझी आठवण ठेवा. खाली उतरवण्याची मागणी नाही, स्वर्गाची मागणी नाही. फक्त आठवण. आणि उत्तर येतं ते मागितल्याच्या कितीतरी पुढचं: आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील.

या माणसाचे हात-पाय खिळलेले आहेत. तो कुणाचं लुटलेलं परत करू शकत नाही, कुणाच्या पाया पडू शकत नाही, बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होतानाचा पाण्याचा विधी, घेऊ शकत नाही. जीभ तेवढी मोकळी आहे. त्या जिभेने त्याने दोन कामं केली. स्वतःचा गुन्हा स्वतःच्या नावावर घेतला, आणि सगळा जमाव एका निरपराध माणसाची टिंगल करत असताना त्याची बाजू घेतली. पश्चात्ताप म्हणजे मला हेच वाटतं. बायबलच्या नव्या करारात त्यासाठी जो ग्रीक शब्द आहे, 'मेतानोइया', त्याचा अर्थ मन पालटणं असा आहे. भीतीने डोळ्यांत आलेलं पाणी आणि पालटलेलं मन या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसू शकतात, आणि सगळी अडचण तिथेच आहे.

सुरुवातीच्या मंडळीला, म्हणजे चर्चला, ही अडचण फार जवळून माहीत होती. त्या काळी बाप्तिस्म्यानंतर घोर पाप घडलं, तर जाहीर प्रायश्चित्ताची संधी आयुष्यात एकदाच मिळत असे, आणि ते प्रायश्चित्त अत्यंत कडक असे. त्यामुळे लोक ते पुढे ढकलत. कित्येक जण तर बाप्तिस्माच शेवटासाठी राखून ठेवत, म्हणजे सगळं एकदम धुऊन निघेल. सम्राट कॉन्स्टंटाइनने बाप्तिस्मा घेतला तो इ.स. ३३७ मध्ये, मरणाच्या दारात. काही बिशपांना ही चालढकल इतकी खटकली, की मरणाऱ्याने मागितलं तरी ते प्रायश्चित्त नाकारू लागले. त्यांचा संताप मी समजू शकते. पण ४२८ मध्ये पोप सेलेस्टिन यांनी गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या, बिशपांना पत्र लिहून हे अमानुष ठरवलं. त्यांचा दाखला क्रुसावरच्या त्याच दरोडेखोराचा होता: एका तासाचा पश्चात्ताप पुरत नसता, तर त्याला ते बक्षीस मिळालंच नसतं. त्याआधी ३२५ च्या बिशपांच्या निकेया परिषदेनेही ठरवून दिलं होतं, की मरणाऱ्याला शेवटचं प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीतली भाकर, नाकारू नये. त्या प्रभुभोजनाला लॅटिनमध्ये जो शब्द आहे त्याचा अर्थ प्रवासाची शिदोरी. एवढ्या लांबच्या वाटेला निघालेल्या माणसाला शिदोरीशिवाय धाडू नका, इतकं साधं ते सांगणं आहे.

पण त्याच परंपरेत दुसराही आवाज आहे. संत ऑगस्टिनच्या नावावर चालत आलेल्या एका जुन्या प्रवचनात धर्मगुरू म्हणतो: मी प्रायश्चित्त देऊ शकतो, खात्री देऊ शकत नाही. सतराव्या शतकातले इंग्लंडचे धर्मगुरू जेरेमी टेलर याहून कठोर होते. जन्मभर वाईट सवयी मुरवलेल्या माणसाला बिछान्यावरच्या चार शब्दांनी फारशी आशा धरता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. कारण पश्चात्ताप म्हणजे जगणं बदलणं, आणि जगायलाच दिवस उरलेले नाहीत. मला टेलर आवडत नाहीत, पण त्यांची भीती खोटी वाटत नाही. जो आज सांगतो की शेवटी बघू, त्याचं मन शेवटी पालटेल कशावरून? जन्मभर त्याने मन न पालटण्याचाच सराव केलेला असतो.

आता 'मरताना पश्चात्ताप करून स्वर्ग कमावला' या वाक्यातल्या 'कमावला' या शब्दाकडे येऊ. ख्रिस्ती शिकवणीत तारण, म्हणजे पापातून सुटका, ही कृपा आहे. इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल स्पष्ट लिहितो, की ते तुमच्या हातून झालेलं नाही, देवाचं दान आहे. ते कमावणं मरणाऱ्या खुन्याला जमत नाही आणि सत्तर वर्षं न चुकता प्रार्थनेला जाणाऱ्या आजीलाही जमत नाही. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात या बाबतीत वाद आहेतच. कॅथलिक मंडळी पापनिवेदन, आजाऱ्याला तेल लावायचा अभ्यंग विधी, मरणानंतरचं शुद्धीकरण हे सगळं मानते, आणि केवळ शिक्षेच्या भीतीने आलेला पश्चात्ताप व देवावरच्या प्रेमातून आलेला पश्चात्ताप यांत फरक करते. प्रोटेस्टंट भर देतात तो विश्वासावर. पण १५१७ मध्ये प्रोटेस्टंट चळवळीचे प्रवर्तक मार्टिन ल्यूथर यांनी जे ९५ मुद्दे मांडले त्यांतला पहिलाच मुद्दा असा, की प्रभूने पश्चात्ताप करा म्हटलं तेव्हा विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्यच पश्चात्ताप व्हावं असं त्याला हवं होतं. शेवटच्या तासासाठी वेगळं दार आहे, असं दोन्हीकडे कुणी म्हणत नाही. दार एकच. कुणी पहाटे शिरतो, कुणी दिवेलागणीला.

पहाटे आलेल्याला याचा त्रास होतो. येशूने हा त्रासही दृष्टान्तातून मांडला आहे. द्राक्षमळ्याचा मालक दिवस मावळायच्या तासभर आधी आलेल्या मजुरालाही पूर्ण दिनार, म्हणजे दिवसभराची मजुरी, देतो, आणि दिवसभर उन्हात राबलेले कुरकुरतात. मी स्वतः बरीच वर्षं त्या कुरकुरणाऱ्यांतलीच होते. मालकाचं उत्तर मला तोडून टाकल्यासारखं वाटायचं: ठरलेलं तुला मिळालं ना, मग माझं औदार्य तुझ्या डोळ्यांत का खुपतं?

हे पटायला अवघड जातं, कारण दृष्टान्तात मजुरी आहे आणि आपल्या प्रश्नात रक्त आहे. म्हणून खऱ्या माणसांकडे जाऊ.

रुडॉल्फ हॉस हा नाझींच्या ऑशविट्झ छळछावणीचा कमांडंट. त्या छावणीत सुमारे ११ लाख माणसं मारली गेली. लहानपणीचा हा कॅथलिक, पुढे चर्च सोडलेला. एप्रिल १९४७ मध्ये, फाशीच्या काही दिवस आधी, त्याने जेझुइट या कॅथलिक संघाच्या एका धर्मगुरूंसमोर पापनिवेदन केलं, प्रभुभोजन घेतलं, आणि पोलिश जनतेची क्षमा मागणारं निवेदन लिहून ठेवलं. १६ एप्रिलला त्याच छावणीच्या आवारात त्याला फाशी दिलं गेलं. त्याआधी सहा महिने, न्यूरेंबर्गच्या तुरुंगात, नाझी नेता हर्मन गोरिंगनेही प्रभुभोजन मागितलं होतं. तिथले अमेरिकन ल्यूथरन पाद्री हेन्री गेरेके यांनी त्याला विश्वासाबद्दल विचारलं. तो विश्वास आपल्याला नाही, हे गोरिंगने लपवलं नाही. गेरेके यांनी प्रभुभोजन दिलं नाही. त्या रात्री गोरिंगने विष घेतलं.

हॉसच्या आत काय घडलं ते देव जाणे. मला ते स्वीकारता येतं असं मी इथे बसून म्हटलं, तर ते खोटं होईल. मात्र देवाने त्याला क्षमा केली असेल, तरी ती मारल्या गेलेल्यांच्या वतीने केलेली नाही, एवढं मी ठामपणे सांगेन. त्यांच्या वतीने बोलायचा अधिकार कुणा धर्मगुरूला नाही. पापनिवेदनामुळे फाशी टळली नाही, आणि टळायलाही नको होती. येशूनेच सांगितलं आहे, की वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. मरणाच्या बिछान्यावरून उठून जाता येत नाही. उशिरा केलेल्या पश्चात्तापातलं हेच सगळ्यात मोठं दुःख आहे: देवाकडे जायला वेळ उरतो, भावाकडे जायला उरत नाही.

मी अशा एका बिछान्यापाशी बसले होते. माणूस नात्यातला, नाव सांगत नाही. धाकट्या भावाच्या वाट्याचं त्याने लबाडीने हडप केलं होतं. धर्मगुरू येऊन गेले, तेल लावून गेले. तरी त्याची बोटं रात्रभर चादरीची कड चाचपत होती. पहाटे त्याने कागद मागितला. अक्षर वाचता येत नव्हतं, सहीसुद्धा अर्धी. कायद्याने त्या कागदाला काही किंमत नव्हती. धाकटा भाऊ तिसऱ्या दिवशी पोचला. तो कागद हातात धरून कितीतरी वेळ उभाच होता. त्याने माफ केलं की नाही, मी विचारलं नाही.

१८८७ मध्ये पॅरिसमध्ये हेन्री प्रान्झिनी नावाच्या तिहेरी खुनाच्या आरोपीला मृत्युदंड झाला. पापनिवेदनाला तो तयार नव्हता. तिकडे फ्रान्समधल्याच लिझ्यू गावात चौदा वर्षांची एक मुलगी, पुढे संत तेरेझा म्हणून ओळखली गेलेली, त्याच्यासाठी रोज प्रार्थना करत होती. ३१ ऑगस्टला तो गिलोटिनपाशी गेला आणि अखेरच्या क्षणी वळून त्याने धर्मगुरूंच्या हातातल्या क्रुसाचं तीनदा चुंबन घेतलं. तेरेझाने हे वर्तमानपत्रात वाचलं आणि ती रडली. गिलोटिनचं पातं पडायचं तेव्हा पडलंच.

क्रुसावरच्या त्या माणसाचंही तसंच झालं. सुखलोकाचं वचन मिळालं, पण खिळे कुणी काढले नाहीत. क्रुसावर माणूस कधी कधी दोन-दोन दिवस जिवंत राहत असे, आणि येशूने तर 'आज' म्हटलं होतं. योहान सांगतो, की दुसऱ्या दिवशी शब्बाथ होता, देह टांगलेले राहू नयेत म्हणून यहुद्यांनी रोमी सुभेदार पिलाताकडे पाय मोडून ते उतरवायची परवानगी मागितली. संध्याकाळ व्हायच्या आत शिपाई आले. येशू आधीच मेलेला होता. त्या दोघांचे पाय त्यांनी मोडले, म्हणजे ते लवकर मरावेत. पश्चात्ताप केलेल्या त्या माणसाची शिक्षा पुरी झाली ती त्या घावाने, आणि त्याच घावाने 'आज' हा शब्दही खरा झाला.

नमस्कार.